पट्टी भरायला पैसे नाहीत तेव्हा



मार्च महिना हा आपल्याकडे दोन हिशेबांचा महिना असतो. एकीकडे प्रायश्चित्तकाळ चालू असतो आणि दुसरीकडे ग्रामपंचायतीची वसुली. शिपाई दारोदार मागणी बिले वाटतो, थकबाकी भरा म्हणून भोंग्यावरून पुकारा होतो. नेमक्या याच दिवसांत आपले हात रिकामे असतात. कापसाचा पैसा दुकानदाराच्या उधारीत गेलेला असतो, मका कधीच व्यापाऱ्याकडे पोचलेला असतो, आणि जे बांधकामावर किंवा जालन्याच्या कारखान्यांत रोजाने जातात त्यांचा आठवड्याचा पैसा आठवड्यालाच पुरतो. अशा वेळी घरपट्टी-पाणीपट्टीचा कागद आला म्हणजे काय होते ते घरभेटींच्या वेळी आम्ही पाहिले आहे. तो कागद तसबिरीमागे जातो. एका घरी येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे तीन-चार वर्षांची बिले घडी घालून खोचलेली आम्हाला दिसली. “फादर, देवाच्या मागं ठेवलंय, आता त्यालाच काळजी,” असे घरातल्या आजी म्हणाल्या. बोलण्यात विनोद होता, पण त्याखाली लाज होती. त्या लाजेविषयीच आज आम्हाला लिहायचे आहे.

आधी ख्रिस्तसभा काय शिकवते ते स्पष्ट असलेले बरे. कर भरणे ही नुसती सरकारी सक्ती नाही, ती नैतिक जबाबदारी आहे, असे धर्मशिकवणीच्या ग्रंथाच्या २२४० व्या परिच्छेदात सांगितले आहे. त्याच ग्रंथात सातव्या आज्ञेचे, म्हणजे चोरी न करण्याच्या आज्ञेचे विवेचन करताना कर बुडवणे हे दोषांच्या यादीत घातले आहे. संत पौलानेही रोमच्या ख्रिस्ती लोकांना ज्याचा जो कर असेल तो त्याला द्या असेच सांगितले, आणि तेव्हाचे राज्यकर्ते काही फार प्रेमळ नव्हते. तेव्हा ‘सरकार आपल्यासाठी काय करते’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत. नळाला पाणी कमी येते ही तक्रार खरी असेल, पण ती ग्रामसभेत उभे राहून करायची असते.

पण हे सांगून गप्प बसणारा धर्मगुरू अर्धेच सांगतो. नीतिशास्त्रात एक जुना नियम आहे, सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात तो पहिल्याच वर्षी शिकवतात. जे अशक्य आहे त्याचे बंधन माणसावर नसते. ज्याच्याकडे आहे आणि जो देत नाही, तो चुकवतो. ज्याच्याकडे नाही, तो चुकवत नाही, तो अडचणीत असतो. ही दोन माणसे वेगळी आहेत. गावात मात्र दोघांची नावे एकाच फलकावर लागतात, आणि मग अडचणीतला माणूस स्वतःलाही चोर समजू लागतो. तो ग्रामपंचायतीच्या रस्त्याने जात नाही, ग्रामसभेला येत नाही, शिपाई दिसला की मागच्या दाराने निघतो. आम्हाला असे दिसते की थकलेल्या पैशापेक्षा हे लपणेच घराला जास्त महाग पडते.

या बाबतीत प्रभू येशूने काय केले? संत मत्तयाच्या १७ व्या अध्यायाच्या शेवटी एक छोटीशी हकिगत आहे. चार शुभवर्तमानकारांपैकी ती फक्त मत्तयाने लिहिली, आणि मत्तय हा जकातनाक्यावरून उठून आलेला माणूस, हे लक्षात ठेवावे. कफर्णहूम गावात मंदिराची पट्टी गोळा करणारे पेत्राला गाठतात आणि तुमचे गुरुजी पट्टी भरतात ना, असे विचारतात. त्यांनी येशूला नाही विचारले, त्याच्या माणसाला बाहेर गाठले. वसुलीची ही पद्धत दोन हजार वर्षांत फारशी बदललेली नाही! पेत्र ‘हो, भरतात’ म्हणून मोकळा होतो. आपणही असेच करतो. पैसे नसले तरी दारात आलेल्या माणसाला ‘भरतो, भरतो’ म्हणतो.

पट्टी होती दोन द्राख्मांची, म्हणजे साधारण दोन दिवसांच्या मजुरीइतकी. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे ती सगळ्यांना सारखी. श्रीमंताने जास्त द्यायची नाही, गरिबाने कमी द्यायची नाही. पेत्र घरात येतो तेव्हा त्याने तोंड उघडण्याआधीच येशू विषय काढतो. आपण राजपुत्र आहोत, आपल्यावर ही पट्टी लागू नाही, हे तो समजावतो, पण त्या लोकांना अडखळण होऊ नये म्हणून भरायची असे ठरवतो. आणि मग कळते की देण्यासाठी हाताशी काही नाही. तो पेत्राला तळ्यावर गळ टाकायला पाठवतो. पहिल्या माशाच्या तोंडात नाणे सापडते.

प्रवचनांत आपण नेहमी माशाच्या चमत्काराकडे बघतो. आम्हाला त्या नाण्याच्या किमतीकडे लक्ष वेधायचे आहे. ते नाणे चार द्राख्मांचे होते. एकाची पट्टी दोन, तर दोघांची चार. येशू पेत्राला ते नाणे दोघांच्या वतीने द्यायला सांगतो. पेत्राची थकबाकी त्याने आपल्या थकबाकीबरोबर धरली. आणखी एक गोष्ट अशी की पेत्र कोळी होता. नाणे त्याच्या मांडीवर येऊन पडले नाही, त्याला त्याच्याच धंद्याच्या ठिकाणी, त्याच्याच कामाला पाठवले गेले.

काही जण म्हणतील की सवलत मागणे कमीपणाचे आहे. त्यांनी संत लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय वाचावा. बाळ येशूला मंदिरात नेले तेव्हा पवित्र मरिया आणि संत योसेफ यांनी कोकरू वाहिले नाही, पक्ष्यांची जोडी वाहिली. लेवीयाच्या पुस्तकात तशी तरतूदच होती. कोकराची ऐपत नसेल तर दोन पारवे किंवा कबुतराची दोन पिले. पापार्पणाच्या बाबतीत तर त्याहूनही खाली पायरी होती, पक्षी परवडत नसतील तर थोडा सपिठाचा अंश. हे अर्पण म्हणजे कर नव्हे, हे खरे. पण नियम करणाऱ्यालाच ठाऊक होते की सगळ्यांचे हात सारखे नसतात, आणि त्याने गरिबासाठी जागा नियमाच्या आतच ठेवली. पवित्र कुटुंबाने ती सवलत मंदिरात, सर्वांसमक्ष घेतली. कोकरासाठी कुणाकडून व्याजाने पैसे काढल्याचे कुठे लिहिलेले नाही.

व्याजाचे नाव निघाले म्हणून थोडे थांबतो, कारण खरा धोका इथे आहे. नहेम्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय आपल्या भागातल्या कुठल्याही गावात वाचला तर लोकांना तो कालचाच वाटेल. यरुशलेमचे गरीब लोक नहेम्याकडे आक्रोश करत येतात. राजाचा कर भरण्यासाठी आम्ही शेते आणि द्राक्षमळे गहाण टाकून कर्ज काढले, आता मुलेमुली गुलामीत द्यायची वेळ आली, आणि कर्ज देणारे आमचेच भाऊबंद आहेत, अशी त्यांची तक्रार. कर राजाचा होता, पण गळ्याला फास लागला तो सावकाराच्या कर्जाचा. नहेम्याने धनकोंची सभा बोलावली, व्याज सोडायला लावले, शेते परत करवली. आणि स्वतः अधिकारी असून बारा वर्षे अधिकाऱ्याचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच भार होता. (सगळ्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर हा अध्याय असावा असे आम्हाला कधी कधी वाटते.)

म्हणून आमचे पहिले सांगणे हे की पट्टी भरण्यासाठी महिन्याला शेकड्याला पाच-दहा रुपयांच्या व्याजाने पैसे काढू नका. ग्रामपंचायतीची थकबाकी वर्षाने जेवढी वाढते त्याच्या कितीतरी पट हे व्याज काही महिन्यांत वाढते. विनापरवाना सावकारी हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे आणि त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. जोंधळ्याचे बी, दुभती शेळी, शिवणयंत्र हेही विकू नका. ज्याच्यावर उद्याची कमाई आहे ते विकून आजची पट्टी भरली तर पुढच्या वर्षी दोन वर्षांची थकेल.

हा सल्ला काही आम्ही नवीन देत नाही. १८९६ साली पाऊस गेला आणि दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला, तेव्हा लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून शेतकऱ्यांना हेच सांगितले होते. सारा भरण्याची ऐपत असेल तर जरूर भरा, पण नसेल तर खालच्या कामगारांच्या धाकाने घरदार विकून भरू नका, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय होता. सरकारने स्वतःच दुष्काळाचे नियम केलेले होते. त्यात साऱ्याची तहकुबी होती, पण खेड्यातल्या माणसाला ते ठाऊकच नव्हते. पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसे ते नियम घेऊन गावोगाव हिंडली. सरकारला हे आवडले नाही आणि १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेण्यात आली. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे ती माणसे इकडे आली नाहीत. पण कायद्यात असलेला हक्क वाचून दाखवणे एवढ्याने सरकार अस्वस्थ झाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुढे १९१८ साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीक बुडाले, तेव्हा गांधीजी आणि वल्लभभाई पटेल यांच्याबरोबर शेतकऱ्यांनी शपथ घेतली. ज्यांची ऐपत होती त्यांनीही सारा रोखला, मात्र गरिबांची वसुली तहकूब झाली तर आम्ही भरू असे सांगून. शेवटी तडजोड झाली ती तशीच. सधनांनी भरायचे, गरिबांचे थांबवायचे.

आज आपल्याकडे कायद्यात काय आहे? महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये पीक बुडाल्यास शेतसारा कमी करण्याची, तहकूब करण्याची किंवा माफ करण्याची तरतूद आहे. २०२३ च्या ३१ ऑक्टोबरला शासनाने राज्यातील चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत आपला भोकरदन तालुका होता. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली तेव्हाही बाधित तालुक्यांना दुष्काळासारख्याच सवलती देण्यात आल्या. शेतसाऱ्याची रक्कम आता इतकी किरकोळ आहे की तेवढ्या माफीने कुणाची चूल पेटणार नाही. पण त्याबरोबर शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, पंपाच्या वीजबिलात सूट, मुलांची परीक्षा फी माफ, अशाही गोष्टी येतात. त्या मिळाल्या का, हे तलाठ्यांना (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) जाऊन विचारणारे आपल्यात किती जण होते?

घरपट्टीचे मात्र तसे नाही. दुष्काळ पडला म्हणून ती आपोआप माफ होत नाही, आणि आपल्यापैकी पुष्कळांकडे शेत नसून फक्त घर आहे. तिची वसुली पायरीपायरीने चालते. आधी बिल, मग मागणीची नोटीस, मग जंगम मालाची जप्ती, आणि तेही जमले नाही तर महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली. जप्तीच्या नावाने काही जण उगाच धमकावतात, म्हणून हेही सांगतो की जप्तीसाठी आपल्या दिवाणी कायद्याने अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची औजारे, लागतील तेवढी जनावरे नि बियाणे यांना हात लावू दिलेला नाही. मोशेच्या नियमशास्त्रातही जात्याची तळी गहाण घेऊ नये असे आहे, कारण ती घेणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे. दोन कायद्यांत हजारो वर्षांचे अंतर आहे, पण जाते आणि औजार दोघांनाही दिसले.

यातली पहिली पायरी आली की उठावे. बिल घेऊन स्वतः ग्रामपंचायतीत जावे. नमुना आठच्या नोंदवहीत आपले घर कसे लावले आहे ते बघावे. मातीचे घर पक्के म्हणून लागलेले असू शकते, पडलेली खोली अजून उभी दाखवलेली असू शकते. आकारणी चुकीची वाटली तर पंचायत समितीकडे अपील आहे, पण ते मुदतीत करावे लागते. आकारणी बरोबर असेल तर साध्या कागदावर अर्ज लिहावा. किती थकले आहे, का थकले आहे, आत्ता किती देता येते, बाकी कधी देणार. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि एकीवर पोच घ्यावी. शंभर-दोनशे जमत असतील तर तेवढे भरावेत आणि नमुना दहाची पावती घ्यावी. पावती मिळत नसेल तर पैसा देऊ नये, मग घेणारा कितीही ओळखीचा असो. ‘साहेबांना सांगून मिटवतो’ म्हणणाऱ्याच्या हाती तर मुळीच नाही. तालुक्याच्या न्यायालयात राष्ट्रीय लोकअदालत भरते तेव्हा अशा थकबाकीची प्रकरणे तिथे तडजोडीने मिटतात. तिची नोटीस आली तर घाबरून घरी बसू नये, ती बोलण्याची संधी असते.

ज्यांची दुकाने आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. प्राप्तिकर भरायला पैसे नाहीत म्हणून विवरणपत्रच न भरणे ही मोठी चूक, कारण मग कराबरोबर उशिराचे शुल्कही लागते. विवरणपत्र वेळेत द्यावे. पुढे आकारणी होऊन मागणीची नोटीस आली तर मुदत किंवा हप्ते मागण्याची सोय कायद्यात आहे. जीएसटीत मात्र विवरणपत्रात आपणच दाखवलेल्या कराला हप्त्यांची सवलत नाही, आणि आम्हाला ते योग्य वाटते. तो पैसा गिऱ्हाइकाने कर म्हणून आपल्या हाती दिलेला असतो. तो आपला कधीच नव्हता.

आता ज्यांना परवडते त्यांच्याकडे वळतो. गावोगावच्या थकबाकीच्या याद्या नीट पाहिल्या तर त्यांत मोठी रक्कम झोपडीवाल्याची नसते, कारण झोपडीला पट्टीच थोडी असते. दुमजली घर, दारात गाडी, आणि ‘निवडणुकीआधी माफी होईल’ अशी वाट पाहणारा मालक, असेही त्यात पुष्कळ असतात. ज्याला सदस्य राहायचे आहे त्याच्यासाठी ग्रामपंचायतीचा कायदा कडक आहे, मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत थकबाकी भरली नाही तर तो अपात्र ठरतो. बाकीच्यांसाठी विवेक आहे.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या आई-वडिलांनी आणि आजी-आजोबांनी खडी फोडली, पाझर तलाव खणले. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर आली, तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. केंद्राने २००५ साली केलेल्या कायद्यामागे हाच अनुभव होता. तिच्यासाठी पैसा कुठून आणायचा असा प्रश्न होता. म्हणून १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. मुंबईच्या कचेरीत बसणाऱ्या कारकुनाच्या पगारातून दरमहा थोडे रुपये कापले जाऊ लागले आणि तितकीच भर शासनाने घालायची ठरली. तो कारकून कधी भोकरदनला आला नसेल. त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवरच्या त्या लहानशा आकड्यातून इथल्या बाईला रस्त्याच्या कामावर हजेरी मिळाली. पेत्राचे नाणे दोघांसाठी होते म्हणतो ते हेच. आपल्या धर्मग्रामातही कुणी शिक्षक आहेत, कुणी परिचारिका आहेत, त्यांच्या पगारातून हा कर आजही जातो. त्यांनी तो कुरकुरत देऊ नये.

शेवटी एक विनंती. तसबिरीमागची बिले खाली काढा. येत्या रविवारी मिस्सानंतर आपल्या सभागृहात आम्ही, युवा गटातील दोन-तीन मुले आणि बचत गटाच्या भगिनी बसणार आहोत. चालू वर्षाचे बिल, जुनी पावती सापडली तर ती, आणि नोटीस आलेली असेल तर तीही घेऊन या. अर्ज मुले लिहून देतील. ज्यांना लिहिता येते त्यांनीही यावे, कागद फार आहेत आणि लिहिणारे हात थोडे. सोमवारी सकाळी अकरा वाजता सर्वांनी मिळून ग्रामपंचायतीत जायचे आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना तसे आधी कळवले आहे, त्यांनी त्या वेळी हजर राहण्याचे कबूल केले आहे. आजींनाही निरोप दिला आहे. त्या म्हणाल्या, “येते, पण माझा अर्ज मोठ्या अक्षरात लिहा, मला वाचता आला पाहिजे.”